खोकं तेच, चिप वेगळी

मामांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. गोडी छाटणी झाली की डाऊनी आणि भुरी या रोगांची धास्ती मानगुटीवर बसते, म्हणून पानांवर ओल किती तास टिकली, रात्री तापमान किती उतरलं हे मोजणारं एक छोटं यंत्र मी त्यांना जोडून दिलं. दोन-तीन सेन्सर, एक रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा संगणक, आणि पत्र्याच्या पेटीतून घरापर्यंत रेंज पोहोचावी म्हणून बाहेर अँटेना असलेलं यूएसबी वायफाय डोंगल. डोंगल नाशिकला एमजी रोडवर घेतलं, बागेत नेऊन खोचलं, चाललं. पुढच्या वर्षी मामा म्हणाले, नाल्यापलीकडच्या प्लॉटातही एक बसव. मी त्याच दुकानातून तेच डोंगल आणलं. तेच खोकं, तोच मॉडेल नंबर. खोचलं, तर दिवासुद्धा लागेना.

अर्धा तास केबलवर, पेटीवर, बॅटरीवर संशय घेऊन झाल्यावर जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी काढली. जुन्या आणि नव्या डोंगलचे ओळखक्रमांक वेगळे निघाले. मग खोकी उलटी करून पाहिली. एकाच्या बुडाशी बारीक अक्षरात ‘व्ही१’, दुसऱ्याच्या ‘व्ही२’.

मामा शेजारीच उभे होते. “खोकं तर तेच आहे ना?”

“खोकं तेच आहे मामा. आतली चिप बदललीय.”

“मग नाव कशाला तेच ठेवलं?”

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण चिप बदलली की एवढं काय अडतं, एकच सॉफ्टवेअर दोन्हीला का चालत नाही, आणि चालवायचं म्हटलं तर त्या सॉफ्टवेअरच्या आत काय करावं लागतं, हे मात्र सांगता येण्यासारखं होतं. ते सांगायला त्या दिवशी मामांचीच वही कामाला आली.

मामांची छाटणीची वही वीसेक वर्षं जुनी. पहिल्या वर्षी फक्त थॉमसन होती, तेव्हा वहीही सरळ होती: छाटणी, काडीला पेस्ट, पोंगा अवस्थेतली फवारणी, विरळणी, घड बुडवणं, कितव्या दिवशी काय आणि किती. मग सोनाका आली. मामांनी नवी वही केली नाही. समासात लिहिलं, ‘सोनाका असल्यास इतकं’. नंतर काळ्या द्राक्षांचा प्लॉट आला, तेव्हा समासातल्या मजकुरालाही समास पडला. बाण, चौकोन, ‘हे काळ्याला नाही’, ‘मागचं पान पाहा’. एका वर्षी गड्याने भलत्या जातीचा डोस भलत्या ओळीत मारला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. शेवटी मामेबहिणीने वही नव्याने लिहून काढली. पुढच्या पानांवर फक्त कामांचा क्रम, आकडा एकही नाही. मागच्या बाजूला तक्ता: उभे रकाने जातींचे, आडव्या ओळी कामांच्या. नवी जात आली की एक रकाना वाढवायचा, पुढची पानं आहेत तशीच राहतात.

ड्रायव्हरची फेरमांडणी म्हणजे बहुतांश हेच काम. फक्त वही लाखभर ओळींची असते आणि ती एकाच वेळी शेकडो माणसं वाचत असतात.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि चिप यांच्यामधला दुभाषा. त्याचं सगळ्यात किचकट काम पहिल्या काही क्षणांतलं असतं, चिप जागी करून कामाला लावण्याचं. याला इनिशियलायझेशन म्हणतात. आपल्या ऑफिसात सगळे ‘इनिट’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. वायफाय चिपच्या आत हजारो कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येकाला पत्ता असतो आणि त्यात आकडा लिहिता-वाचता येतो. कुठल्या कप्प्यातला कुठला बिट (शून्य किंवा एक असा एकेक अंक) काय करतो हे चिप बनवणाऱ्यालाच नीट माहीत असतं. इनिट म्हणजे ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या पत्त्यांवर ठरलेले आकडे लिहीत जाणं, आणि मधूनमधून थांबणं.

हे थांबणं फार महत्त्वाचं. चिपला वीज दिली, तरी तिच्या आतलं घड्याळ स्थिर व्हायला वेळ लागतो. ड्रायव्हर एक बिट लिहितो आणि चिप ‘झाले तयार’ असा दुसरा बिट वर करेपर्यंत तो कप्पा पुन्हा पुन्हा वाचत राहतो. ठरल्या वेळेत बिट वर आला नाही तर काम सोडून मागे फिरायचं. चिप जागी झाली की तिला विचारायचं, तू कोण आणि तुझी कितवी आवृत्ती. मग कारखान्यात तिच्या स्मृतीत भाजून ठेवलेली माहिती वाचायची. त्यात नेटवर्कवर त्या नगाला ओळखणारा मॅक पत्ता असतो आणि त्या नगाच्या रेडिओने कुठल्या चॅनेलवर किती जोर लावायचा याचं मोजमापही असतं, कारण एकाच मॉडेलच्या दोन चिप्सही हुबेहूब सारख्या नसतात. काही चिप्सच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्यांना फर्मवेअर नावाचा प्रोग्रॅम भरवावा लागतो, त्याशिवाय त्या हलत नाहीत. नंतर आकड्यांचे मोठमोठे तक्ते रजिस्टरांत ओतायचे, रेडिओचं कॅलिब्रेशन म्हणजे बारीक जुळवणी करायची, चॅनेल लावायचा. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात पहिला चॅनेल २४१२ मेगाहर्ट्‌झवर असतो आणि तेरावा २४७२ वर. एवढं झालं की तुमच्या मोबाइलवर नेटवर्कचं नाव दिसतं.

यातल्या क्रमात एक पायरी वरखाली झाली तर चिप बहुतेक वेळा तक्रारही करत नाही. ती गप्प बसते. कधी चालतेही, पण तीन खोल्यांऐवजी एकाच खोलीत. ही दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण ती कुणाच्या लगेच लक्षात येत नाही.

आता समासातल्या मजकुराकडे येऊ. पहिल्या चिपसाठी ड्रायव्हर लिहिला जातो तेव्हा इनिटचं फंक्शन, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडा, सरळ वाचता येतं. दुसरी चिप येते, नव्वद टक्के सारखी. लिहिणारा जिथे फरक आहे तिथे एक ‘जर’ टाकतो: चिप नवी असेल तर हा आकडा, नाहीतर तो. एवढं चालतं, आणि माझ्या मते चालूच द्यावं. दोन चिप्ससाठी सुरुवातीलाच मोठी चौकट बांधणारे इंजिनिअर मी पाहिलेत. तिसरी चिप येते तेव्हा फरक त्यांनी बांधलेल्या खिडकीतून न येता भिंतीतून येतो. पण पाचवी, सातवी चिप आली की ‘जर’च्या पोटात ‘जर’ जातात आणि वाचणाऱ्याला एका चिपचा सलग प्रवास कुठेच दिसत नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला एथ९के हा ड्रायव्हर याचं चांगलं उदाहरण आहे. अथेरॉस कंपनीच्या ८०२.११एन या वायफाय पिढीच्या चिप्ससाठीचा हा ड्रायव्हर २००८ साली लिनक्स २.६.२७ मध्ये आला. सुरुवातीला एआर५००८ घराण्याच्या चिप्स होत्या, मग एआर९००२ घराणं आलं: ९२८०, ९२८५, ९२८७ वगैरे. ही घराणी एकमेकांची चुलत भावंडं, त्यामुळे ‘जर’वर निभावलं. कोडमध्ये जागोजागी एक प्रश्न असे: चिप ९२८० किंवा त्यानंतरची आहे का?

या प्रश्नात एक खोट आहे. ‘नंतरची’ म्हणजे जुनीचं सगळं करून शिवाय काही जास्त करणारी, असं तो धरून चालतो. पण ९२८५ ही ९२८० च्या नंतरच्या क्रमांकाची असूनही स्वस्तातली चिप आहे. ९२८० ही २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालते आणि एका वेळी डेटाचे दोन प्रवाह हाताळते. ९२८५ फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते, एकाच प्रवाहाने. म्हणजे धाकटा आहे, पण थोरल्याचं सगळं शेत काही त्याच्या नावावर नाही. म्हणून चिपचं नाव विचारण्यापेक्षा तिची क्षमता विचारावी. ‘तू ९२८० च्या पुढची आहेस का’ हा प्रश्न दर नव्या चिपला पुन्हा तपासावा लागतो. ‘तुला ५ गिगाहर्ट्‌झ जमतं का’ याचं उत्तर सुरुवातीला एकदा नोंदवून ठेवलं की पुढे सगळीकडे तीच नोंद वाचता येते.

मग २०१० मध्ये एआर९००३ घराणं आलं, पहिली चिप एआर९३००, तीन प्रवाहांची. इथे समास संपला. आधीच्या चिप्सचे सुरुवातीचे आकडे ढोबळमानाने दोन प्रकारच्या तक्त्यांत होते: सगळ्यांना समान असलेले, आणि पट्टा व चॅनेलची रुंदी यानुसार बदलणारे. बदलणाऱ्या तक्त्यात ५ आणि २.४ गिगाहर्ट्‌झ, २० आणि ४० मेगाहर्ट्‌झ अशा जोड्यांचे रकाने. नव्या घराण्यात तक्ते चिपच्या भागांप्रमाणे वेगळे केले: चिपचा सामाईक भाग, मॅक (हवेत कधी बोलायचं हे सांभाळणारा; वरच्या मॅक पत्त्यातलं नाव याचंच), बेसबँड (डेटाचा सिग्नल आणि सिग्नलचा डेटा करणारा) आणि रेडिओ. त्या प्रत्येकाचे पुन्हा तीन हप्ते: आधीचा, मधला मुख्य, नंतरचा. आधी चारही भागांचा पहिला हप्ता लिहायचा, मग चारही भागांचा दुसरा, मग तिसरा. हवेतून आलेला डेटा संगणकाच्या मेमरीत उतरवण्याची पद्धतही पार बदलली. आता नुसते आकडे वेगळे नव्हते, कामाची रीतच वेगळी होती. ‘डोस बदल’ असं समासात लिहून भागणार नव्हतं.

तेव्हा ड्रायव्हरची फेरमांडणी झाली. तिचा गाभा फंक्शन पॉइंटर नावाच्या जुन्या युक्तीत आहे, आणि ती कळायला मामांचा नाल्यापलीकडचा प्लॉट बरा पडतो. मोठ्या बागेत फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने होते. नाल्यापलीकडे ट्रॅक्टर जात नाही, तिथे दोघं जण पाइप ओढत गन मारतात. वहीच्या पुढच्या पानावर मात्र फक्त ‘फवारणी करा’ एवढंच आहे. ती कोण आणि कशाने करणार हे त्या-त्या प्लॉटच्या पानावर. वहीतला क्रम वाचणाऱ्याला ब्लोअर की गन हे माहीत असायची गरज नाही.

फंक्शन पॉइंटर म्हणजे ही ‘फवारणी करा’ची रिकामी जागा. इनिटच्या सुरुवातीला चिपची ओळख पटली की ड्रायव्हर अशा जागांचा एक संच भरतो: रेडिओची फ्रिक्वेन्सी लावायची असेल तर हे फंक्शन, आकड्यांचे तक्ते लिहायचे असतील तर ते. ९००२ घराण्याला ९००२ ची फंक्शनं, ९००३ ला ९००३ ची. त्यानंतर मूळ कोड फक्त ‘तक्ते लिही’ म्हणतो. एथ९केमध्ये असे दोन संच केले गेले. एक बाहेरच्या ड्रायव्हरने वापरायचा. दुसरा खासगी, फक्त हार्डवेअरशी थेट बोलणाऱ्या कोडने आपसात वापरायचा. ही विभागणी मला फार आवडते. घरातली भांडणं अंगणात यायला नकोत, एवढाच तिचा हेतू. बाहेरून कुणी ‘बेसबँड सुरू कर’ असं परस्पर म्हणूच शकत नाही, कारण ती कळ त्याच्या हाताला लागेल अशी ठेवलेलीच नाही. घराण्यांप्रमाणे फाइलीही वेगळ्या झाल्या आणि आकड्यांचे तक्ते आपापल्या फाइलीत गेले.

म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या असतात. क्रम एका जागी. आकडे तक्त्यात. रीत बदलत असेल तरच वेगळं फंक्शन. नवखे इंजिनिअर तिसऱ्यावर उडी मारतात आणि प्रत्येक चिपसाठी आख्खं इनिट फंक्शन कॉपी करून त्यात दोन आकडे बदलतात. वरवर छान दिसतं, एकही ‘जर’ नाही. पण पुढे क्रमात चूक सापडली की ती सात ठिकाणी सुधारावी लागते आणि माणूस सहा ठिकाणी सुधारतो. आकड्यातला फरक तक्त्यातच राहावा, तो फंक्शनचा कपडा घालून येऊ नये.

तक्त्यात किती काय मावतं हे पाहायचं तर आरटीडब्ल्यू८८ पाहावा. रियलटेकच्या चिप्ससाठीचा हा ड्रायव्हर २०१९ मध्ये लिनक्स ५.२ मध्ये आला. त्यात चिपला जागं करण्याचा विधीसुद्धा तक्ता आहे. एकेक ओळ म्हणजे एकेक कृती: कुठलं रजिस्टर, त्यातले कुठले बिट, लिहायचं की बिट बदलेपर्यंत वाट पाहायची की नुसतं थांबायचं. शिवाय दोन खुणा: ही ओळ सिलिकॉनच्या कुठल्या आवृत्तीला लागू, आणि चिप संगणकाला कशाने जोडली असेल तर लागू. ओळी वाचून अंमल करणारं फंक्शन एकच. आपल्याला लागू नसलेली ओळ ते सोडून देतं.

ती दुसरी खूण मला महत्त्वाची वाटते. तीच चिप लॅपटॉपमध्ये पीसीआय कार्डावर असू शकते आणि डोंगलमध्ये यूएसबीवरही. जोडणी बदलली की रजिस्टरपर्यंत पोहोचण्याचा रस्ता बदलतो. पीसीआयवर रजिस्टर मेमरीसारखं थेट वाचता येतं, यूएसबीवर दरवेळी निरोप पाठवून उत्तराची वाट पाहावी लागते. चिपमधला फरक आणि जोडणीतला फरक हे दोन वेगळे अक्ष आहेत. ते एकात गुंतवले तर पाच चिप्स आणि तीन जोडण्यांचे पंधरा तुकडे होतात. वेगळे ठेवले तर आठ. आरटीडब्ल्यू८८ आधी फक्त पीसीआयचा होता. यूएसबीची जोडणी २०२३ मध्ये लिनक्स ६.२ सोबत आली, तीही चिप्सचा मूळ कोड पुन्हा न लिहिता.

आणखी एक फरक वरून किरकोळ दिसतो आणि पुरता छळतो. कधी नव्या चिपमध्ये रजिस्टर तेच, काम तेच, पण पत्ता हललेला. मीडियाटेकच्या एमटी७९१५ आणि एमटी७९१६ यांना एकच ड्रायव्हर सांभाळतो. तिथे हललेल्या रजिस्टरांना कोडमध्ये पत्त्याऐवजी नाव दिलंय आणि प्रत्येक चिपपाशी नावावरून पत्ता सांगणारी यादी ठेवलीय. घर बदललं तरी पत्रावर नाव तेच.

हे सगळं कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात भीती एकच असते: नव्या चिपसाठी वही लिहिताना जुनी चिप मरायला नको. जुनी चिप हजारो लोकांकडे चालू असते आणि त्यातल्या एकानेही तुम्हाला वही बदलायला सांगितलेलं नसतं. म्हणून जाणकार माणसं काम दोन भागांत करतात. आधी फक्त हलवाहलव, वागणुकीत काडीचा फरक नाही. ते पचलं की मग नवी चिप. दोन्ही एकाच बदलात मिसळलं आणि काही बिघडलं, तर हलवताना बिघडलं की नवीन आलं म्हणून, हे शोधण्यात आठवडे जातात. मी स्वतः एकदा ते आठवडे घालवलेत, त्यामुळे या बाबतीत मी थोडा कर्मठ आहे.

फरक पडला नाही याची खात्री करायची एक पद्धत साधी आहे. रजिस्टरात लिहिणारं फंक्शन बहुधा एकच असतं. तिथे नोंद लावायची: कुठल्या पत्त्यावर कुठला आकडा, कितव्या क्षणी. फेरमांडणीच्या आधी चिप एकदा सुरू करून यादी काढायची, नंतर पुन्हा काढायची, आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडायची. कॅलिब्रेशनचे आकडे दरवेळी थोडे हलतात, ते बाजूला ठेवायचे. बाकी जसंच्या तसं जुळलं पाहिजे, क्रमासकट. मधल्या थांब्यांकडे खास लक्ष द्यायचं. कोड सुटसुटीत करताना कुणीतरी ‘हे उगाच आहे’ म्हणून एक मिलिसेकंदाची विश्रांती उडवतो. टेबलावर ते चालतं आणि थंडीत बागेतल्या पेटीत चालत नाही.

मागे फिरण्याचा रस्ताही तितकाच जपावा लागतो. इनिट सातव्या पायरीवर अडलं तर सहावी, पाचवी, चौथी याच उलट्या क्रमाने सोडवत यायचं. पायऱ्या वेगवेगळ्या फंक्शनांत विखुरल्या की हा परतीचा रस्ता हमखास तुटतो, आणि तो रोज वापरात नसल्याने कळतही नाही.

राहता राहिली रिकामी जागा. फंक्शनांच्या संचात नव्या चिपसाठी एखादी जागा भरायची राहिली आणि कोडने तिथे हाक मारली, तर समोर कुणीच नसतं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिथेच आडवा होतो. म्हणून कुठल्या जागा भरल्याच पाहिजेत आणि कुठल्या ऐच्छिक हे ठरवून, सक्तीच्या जागा सुरुवातीलाच तपासाव्यात. याच्या उलट चूक जास्त लबाड असते: रिकामी जागा दिसू नये म्हणून जुन्या चिपचं फंक्शन तिथे चिकटवणं. कर्नल पडत नाही, चिप अर्धवट चालते, आणि तक्रार दोन वर्षांनी येते.

मामांच्या डोंगलचं कोडं त्या मानाने किरकोळ निघालं. रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावरचं लिनक्स जुनं होतं आणि त्यातल्या ड्रायव्हरच्या ओळखक्रमांकांच्या यादीत व्ही२ ची चिप नव्हती, म्हणून तिला कुणी हातच लावला नाही. नवं लिनक्स भरलं आणि दिवा लागला. मामांनी मार्कर घेऊन दोन्ही डोंगलवर मोठ्या अक्षरात एक आणि दोन लिहिलं.

परत निघताना मामेबहिणीने वही दाखवली. यंदा थोड्या ओळींवर नवीन जातीचं कलम केलंय, तिचा रकाना आखून तयार होता. बहुतेक चौकटी रिकाम्या होत्या. मी म्हटलं, तोवर थॉमसनचे आकडे टाकून ठेव की.

“नको,” ती म्हणाली. “आकडा दिसला की गडी मारून मोकळा होतो. रिकामं दिसलं की फोन करतो.”